आगामी जहाज, पुठ्ठा बांधणी

सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसानं जहाजांचा विषय काढला की समोरच्याची नजर नकळत तिजोरीच्या किल्लीकडे जाते. वास्तविक जानेवारी १६६४ मध्ये महाराज इथं आले ते घोड्यावरून, आणि ऑक्टोबर १६७० मध्ये पुन्हा आले तेही घोड्यावरूनच. जहाजांचा संबंध आला तो नंतर. सुरतेहून गेलेला पैसा सिंधुदुर्गाच्या बांधकामाला आणि आरमाराला लागला, असं म्हणतात. हे मी बोलता बोलता आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकांना सांगून बसलो. काकांचा सगळा जन्म हिऱ्यांची पारख करण्यात गेलेला. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि इतिहासाचा जमाखर्च मांडून टाकला. ‘‘एटले भाऊ, तमारा आरमारमां अमारुं रोकाण हतुं!’’ म्हणजे मराठ्यांच्या आरमारात सुरतेची गुंतवणूक होती, फक्त कागदावर सही घ्यायची तेवढी राहून गेली. तेव्हापासून दर शिवजयंतीला ते मला घारी खिलवतात आणि नफ्यातला वाटा कधी मिळणार म्हणून विचारतात.

भाऊ म्हणजे मी. सुरतेत मराठी माणूस वयानं, पगारानं, मिशीनं कसाही असो, तो ‘भाऊ’च. उधना, लिंबायत नाहीतर डिंडोलीत भर बाजारात ‘ओ भाऊ’ अशी हाक मारा, निम्मा रस्ता वळून बघेल. ताप्ती लाइनच्या गाड्यांनी कित्येक दशकं खान्देश आणून इथं उतरवलाय. मी साड्यांच्या मार्केटात हिशेब लिहितो. खान्देशाला समुद्र नाही, आमच्या घराण्यात पोहता येणारा माणूस नाही, आणि तरीही मला शिडाच्या जहाजांचं वेड आहे. त्याचे प्रकार दोन. एक, जहाजांच्या लाकडी प्रतिकृती बांधणं; दोन, जहाजांवरच्या येऊ घातलेल्या पुस्तकांच्या याद्या वाचणं. पहिल्याला जागा, पैसा, लाकूड, सरस आणि घरच्यांची परवानगी लागते. दुसऱ्याला यातलं काहीच लागत नाही, त्यामुळे ते जास्त फोफावलं.

आगामी पुस्तकाइतकं निर्दोष पुस्तक दुसरं नसतं. त्यात मुद्राराक्षसाचे विनोद नसतात, मोठा नकाशा दोन पानांच्या मधल्या शिवणीत बुडालेला नसतो, आणि ते कुणी वाचायला नेऊन परत करायचं विसरलेलं नसतं. इंग्रजी प्रकाशकांच्या याद्या आठ-नऊ महिने आधीच येतात. मुखपृष्ठ तयार, पृष्ठसंख्या तयार, किंमत तयार, कधी कधी वजनसुद्धा तयार. राहिलेलं असतं ते पुस्तक. पुढे ‘ऑक्टोबर’ असं छापलेलं असतं. ऑक्टोबर उजाडला की त्याचा मार्च होतो. मार्चमध्ये पानं थोडी वाढतात, किंमत बरीच वाढते आणि महिना पुन्हा ऑक्टोबर होतो, वर्ष तेवढं नवं. मराठीत एवढी लपवाछपवी नाही. आपल्याकडे पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ‘आमची आगामी प्रकाशने’ असं लिहून खाली नावं दिलेली असतात. महिना नाही, वर्ष नाही, भानगड नाही. ज्या पुस्तकामागे ती यादी छापली ते पुस्तक वाचलं जातं, पिवळं पडतं, फुटपाथवर येतं, तरी यादीतली पुस्तकं आगामीच. प्रकाशनपूर्व सवलतीत पैसे भरलेले वाचक पावती मुलांच्या हवाली करून जातात. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि विसावा २०१५ मध्ये. त्यात आम्हा जहाजवेड्यांना वर्णमालेचाही फटका बसला. जहाजाचा ‘ज’ त्या मानानं लवकर लागला. शिडाच्या ‘श’पर्यंत पोचेतो केस पांढरे झाले.

पण वाट बघायला लागते म्हणून सुरतेत बसून कुरकुर करणं शोभत नाही. हे शहर मोगलाईत वाट बघूनच श्रीमंत झालं. मोखा आणि जेद्द्याकडे गेलेली जहाजं पावसाळा सरता सरता परतायची, तोवर सगळं गाव तापीच्या मुखाकडे डोळे लावून बसायचं. जहाजावर कर्ज द्यायची रीत होती: जहाज सुखरूप आलं तर मुद्दल आणि वर भरभक्कम व्याज, बुडालं तर सावकाराचं मुद्दलही जहाजाबरोबर तळाला. आजच्या प्रकाशनपूर्व सवलतीतही बुडण्याची अट जशीच्या तशी आहे. व्याजाचं कलम तेवढं कुणीतरी काढून टाकलं.

आता या याद्यांत असतं काय? व्हिक्टरी असतं. नेल्सन ज्याच्यावर १८०५ मध्ये पडला ते, १७६५ मध्ये पाण्यात उतरलेलं, हल्ली पोर्ट्समथला गोदीत बसून मोठी दुरुस्ती करून घेत असलेलं ब्रिटिश जहाज. त्याच्यावर लाँगरिज नावाच्या गृहस्थांचं जाडजूड पुस्तक १९५५ मध्ये आलं, त्यात एकेक कप्पी कशी करायची ते सांगितलं. मग १९८७ मध्ये जॉन मकाय यांनी त्याच जहाजाचा खिळा न् खिळा चितारून दुसरं पुस्तक काढलं. माणसाला वाटेल, झालं, आता या जहाजात न बघितलेलं काही उरलं नाही. छे! यंदाच्या यादीत व्हिक्टरी आहे, पुढल्या यादीत व्हिक्टरी असणार. माझी खात्री आहे की त्या जहाजावर चढलेल्या माणसांपेक्षा त्याच्याविषयी लिहिणारी माणसं लवकरच जास्त होतील. व्हिक्टरीच्या मागोमाग कटी सार्क, बाउंटी आणि टायटॅनिक. टायटॅनिकला शीड नव्हतं हे प्रकाशकांना माहीत असतं, पण बुडालेलं जहाज म्हटलं की ते सगळ्या नियमांना अपवाद करतात.

खरी गोम इथंच आहे. स्वीडनचं वासा हे जहाज १० ऑगस्ट १६२८ ला स्टॉकहोममधून निघालं. सोन्याचा मुलामा, सिंहांची शिल्पं, तोफा, सगळा थाट. सुमारे तेराशे मीटर गेलं, वारा आला, कलंडलं, बुडालं. म्हणजे आमच्या चौकबाजारातून निघून दिल्ली गेटपर्यंत गेलं असतं की नाही शंका आहे. १९६१ मध्ये ते वर काढलं, त्याच्यासाठी संग्रहालय बांधलं, आणि त्याच्यावरच्या पुस्तकांनी आज कपाट भरेल. त्याच काळात सुरतेची जहाजं दरसाल हजार हजार कोस जात होती, माल विकत होती, हाजी लोकांना नेत होती, आणत होती, आणि हे सगळं करून परत घरी येत होती. त्यांच्यावर पुस्तक? एका जहाजाचंही धड चित्र हाताशी नाही. बुडालं की पुस्तक होतं. सुखरूप आलं की वहीत जमा होतं आणि वही उधईच्या पोटात जाते. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘‘बराबर छे. जेने नफो थयो, ते चोपडी लखवा नवरो क्यां होय?’’ ज्याला नफा झाला तो पुस्तक लिहायला रिकामा असेलच कशाला!

नाही म्हणायला सुरतेच्या जहाजाला पुस्तकात शिरायचा एक रस्ता आहे. त्यानं लुटलं जायचं. जहांगीर बादशहाच्या आईचं रहिमी हे जहाज १६१३ मध्ये पोर्तुगीजांनी धरलं, ते इतिहासात गेलं. औरंगजेबाचं गंज-ए-सवाई १६९५ मध्ये यात्रेकरू आणि खजिना घेऊन सुरतेकडे परतत होतं. बंदर जवळ आलं असताना हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्यानं ते गाठलं आणि अतोनात हाल करून लुटलं. एव्हरी आयुष्यात कधी सापडला नाही. सुरतेच्या वखारीतले इंग्रज मात्र हाताशी होते, त्यांना कोंडण्यात आलं. या प्रकरणावर अजूनही पुस्तकं येतात, स्टीव्हन जॉन्सन यांचं २०२० मध्ये आलं. सगळ्यांत नायक एव्हरी. जहाज बिचारं नावापुरतं.

मुल्ला अब्दुल गफूर हा याच काळातला सुरतेचा व्यापारी. पंधरा-वीस जहाजांचा एकटा धनी, ईस्ट इंडिया कंपनीनं ज्याच्या जहाजांकडे तिरक्या नजरेनं बघावं असा. त्याचं फत्ते मुहम्मदी हे जहाजही त्याच एव्हरीनं लुटलं, म्हणून नाव तरी कळलं. बाकीच्या जहाजांनी व्यापार नीट केला, सबब ती विस्मृतीत गेली. सुरतेच्या या व्यापाऱ्यांवर अशीन दासगुप्ता यांनी १९७९ मध्ये उत्तम पुस्तक लिहिलं. बंगाली इतिहासकार, डच कागदपत्रं, छपाई जर्मनीत, भाषा इंग्रजी, आणि नाव ‘इंडियन मर्चंट्स अँड द डिक्लाइन ऑफ सुरत’. म्हणजे सुरतेवर मनापासून पुस्तक झालं तेही सुरत बसल्यावर.

एक घराणं मात्र या नियमाला पुरून उरलं. लवजी नसरवानजी वाडिया हा सुरतेचा जहाज बांधणारा पारशी कारागीर. कंपनीनं १७३६ मध्ये त्याला दहा सुतारांसकट मुंबईला नेलं. सुरतेनं मुंबईला दिलेल्या गोष्टींची मोजदाद इथं कुणी करत नाही, कारण मोजली तर बिल पाठवावं लागेल. लवजीचा नातू जमशेटजी बमनजी यानं मुंबईच्या गोदीत ब्रिटिश आरमारासाठी सागवानी जहाजं बांधली. त्यातलं त्रिंकोमाली हे बांधायचं ठरलं १८१२ मध्ये. नकाशे इंग्लंडहून जावा नावाच्या जहाजातून निघाले. वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्यापाशी अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या जहाजानं जावाला झोडपून काढलं आणि नकाशे जहाजाबरोबर गेले. मग नवी प्रत काढा, ती पाठवा, ती पोचेपर्यंत थांबा! १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज एकदाचं पाण्यात उतरलं. पाच वर्षं आगामी. पण आज दोनशे वर्षांहून अधिक काळ झाला तरी ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे, आणि अजून तरंगणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांत सर्वांत जुनं म्हणून तिकीट लावून दाखवतात. अँड्र्यू लँबर्ट यांनी २००२ मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिलं. वाडियांवरचं मूळ पुस्तक रतनजी अर्देशीर वाडियांनी १९५५ मध्ये स्वतःच लिहिलं होतं. घरचं काम घरच्या माणसानं केलं की वेळेवर होतं.

मी हल्ली जे बांधतोय ते याच जातीचं फ्रिगेट. मूळ जहाज दीडशे फूट लांब. ते शहाण्णव पट लहान केलं की दीड फुटाच्या जरा वर जातं आणि टीव्हीशेजारच्या जागेत बसतं. मापाची निवड ही अशी होते. इंग्रजी पुस्तकांत मापावर एक एक प्रकरण असतं, ऐतिहासिक अचूकपणा वगैरे. आमच्या घरी ही म्हणाली, ‘‘अहो, टीव्हीच्या पुढे यायला नको,’’ आणि प्रकरण संपलं.

एक गोष्ट मात्र छातीठोकपणे सांगतो. जहाजाची प्रतिकृती बांधायला सुरतेसारखं शहर जगात नसेल, आणि सुरतेला याचा पत्ता नाही. परदेशी पुस्तकांत साधनांची यादी असते आणि ती मिळवायची कुठून याची चिंता असते. इथं चिंताच नाही. बारीक काम पकडायला चिमटे हवेत? जगातले बहुतेक हिरे ज्या शहरात पैलू पाडून घेतात तिथं चिमट्यांचे शंभर प्रकार, वराछ्यात दुकानाला लागून दुकान. दहापट दाखवणारं भिंग? तेही तिथंच. सोनेरी नक्षीला तार? जरी. लाकडाच्या इवल्या तुकड्यांचं जडावकाम कसं करायचं ते बघायचं? सुरतेची सादेलीची कला आहेच, पेट्यांवर केसाएवढ्या रेघा बसवणारी. आणि दोरा! प्रतिकृतीवर दोरखंड पाच-सहा जाडीचे लागतात, त्यासाठी युरोपातले लोक छोटी छोटी रिळं जपून वापरतात. मी रिंग रोडवर सुताच्या दुकानात गेलो आणि बारीक दोरा दाखवा म्हणालो. त्यानं विचारलं, ‘‘केटला डेनियर?’’ मी सांगितलं. ‘‘केटला किलो?’’ मी म्हणालो, दहा मीटर. त्या माणसानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं तापीच्या मुखाशी पोर्तुगीज इंग्रजांकडे बघत असावेत. शेवटी त्यानं टेबलाखाली पडलेला एक अर्धा कोन उचलून फुकट दिला. त्यात ब्रिटिश आरमाराची अख्खी तुकडी बांधून होईल.

अडलं ते शिडापाशी. शिडाला सुती कापड लागतं, तेही जुनं, नरम. सुरतेत सुती मागणं म्हणजे वादाला तोंड. पहिल्या दुकानदारानं पॉलिस्टर दाखवलं. मला सुती हवंय म्हटल्यावर ‘कॉटन फील’ नावाचं पॉलिस्टर दाखवलं. दुसऱ्यानं तर व्यवहार शिकवला: सुती आटतं, चुरगळतं, कुजतं, तुमच्या जहाजाला समुद्रावर हेच परवडेल, धुवायला सोपं. मुद्दा बिनतोड होता. नेल्सनकडे हा माल असता तर त्याची शिडं शंभर वर्षं टिकली असती, आणि वाऱ्यात फडफडताना चमकलीही असती. अखेर वडिलांच्या जुन्या धोतरजोडीतलं एक पान गावाहून मागवून घेतलं.

लाकूड अलंगचं. हजिऱ्याहून घोघ्याला गाड्या नेणारी बोट २०२० पासून सुरू झाली, चारेक तासांत पलीकडे. तिथून अलंग जवळ. जगभरची जहाजं तिथं मोडायला येतात आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना त्यांचं पोट उघडं पडलेलं असतं: कप-बशा, गाद्या, दारं, लाइफ जॅकेटं, व्यायामाची सायकल, कप्तानाच्या केबिनमधला आरसा. मी एका जुन्या दाराची सागवानी पट्टी घेतली. दुकानदार सांगत होता, हिचं कपाट करा, चांगलं होईल. मी जहाज करणार म्हणालो. ‘‘जहाजमांथी काढ्युं, फरी जहाज?’’ तो हसला आणि दहा रुपये कमी केले, वेड्याला देतात तशी सूट.

सागाची पट्टी कापून कागदासारखी पातळ केली तरी वाकत नाही, वाकवली तर मोडते. जहाजाचं पोट तर गोल. म्हणून तिला वाफ द्यावी लागते. पुस्तकात वाफेसाठी पितळेची नळी, बर्नर अशी एक जोडणी दाखवलीय. आमच्याकडे कुकर आहे. शिट्टी काढून ठेवायची, वाफेचा झोत धरायचा, पट्टी हळूहळू नरमते, मग ती चिमट्यानं दाबून सांगाड्यावर बसवायची आणि गार होईपर्यंत श्वास रोखून धरायची. हे सगळं वरण होत असतानाच करावं लागतं, कारण स्वतंत्र गॅस जाळायला मनाई आहे. त्यामुळे माझ्या फ्रिगेटच्या डाव्या कुशीला हिंगाचा वास आहे.

सर्वांत मोठी परीक्षा दोरीच्या शिड्यांची. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे दोर असतात, आणि खलाशांना वर चढायला त्यांच्यावर आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात. खऱ्या जहाजावर दोन आडव्या दोऱ्यांत सव्वा फुटाचं अंतर. माझ्या जहाजावर चार मिलिमीटर. प्रत्येक दोरी प्रत्येक उभ्या दोराला दोन वळसे घेऊन गाठीनं अडकवायची. गाठ फार घट्ट झाली तर उभे दोर आत ओढले जातात आणि शिडीची कंबर बारीक होते. सैल राहिली तर आडवी दोरी पोट सोडते. अशा गाठी शेकड्यांनी. एका रविवारी हे चाललेलं असताना काका आले. त्यांनी चष्मा वर केला, खिशातून स्वतःचं भिंग काढलं (निवृत्त झाले तरी ते भिंग त्यांच्या खिशातून निवृत्त झालेलं नाही), दिव्याची मान वळवली आणि जहाज न हलवता स्वतः जहाजाभोवती फिरले. बराच वेळ बोलले नाहीत. मी परीक्षेतल्या मुलासारखा उभा. मग म्हणाले, ‘‘माल सारो छे. छठ्ठी लाइन सहेज नीची.’’ मी मोजलं. सहावी दोरी खरोखरच केसभर खाली होती. इंग्लंडातल्या प्रदर्शनात परीक्षकांना ती दिसली नसती. काकांनी भिंग मिटलं आणि पुढचा, स्वाभाविक प्रश्न विचारला, ‘‘आमां कमाणी शुं?’’

हे एवढं सगळं शहर हाताशी असताना मी सुरतेचंच जहाज का बांधत नाही, असं कुणीही विचारेल. बांधेन हो, नकाशा द्या. इथल्या मिस्त्रीनं नकाशा काढलाच नाही. त्याला गरज नव्हती. कच्छच्या मांडवीत रुक्मावतीच्या काठी आजही लाकडी जहाजं बांधतात, तिथं जहाज मिस्त्रीच्या डोळ्यात असतं आणि फळी त्या डोळ्याप्रमाणे कापली जाते. अठराव्या शतकातले युरोपियन प्रवासी इथल्या जहाजांचं कौतुक करताना सांगतात की फळीत फळी अशी खाच पाडून बसवतात की सांधा दिसू नये. कौतुक भरपूर, माप एकही नाही. आपल्या लोकांनी लिहिलं तेव्हा दुसरंच लिहिलं. भोजराजाच्या नावावर असलेल्या युक्तिकल्पतरूत जहाजांचे प्रकार दिलेत, लाकडाच्या जाती दिल्यात, अगदी चातुर्वर्ण्यासकट; आणि समुद्रावर जाणाऱ्या जहाजाला लोखंड लावू नका, कारण पाण्यातले लोहचुंबकाचे खडक ते ओढून घेतील, असा सल्ला दिलाय. सल्ला सुंदर आहे. त्यावरून कप्पी करता येत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर अख्खं प्रकरण आहे. गुराबा, म्हणजे लढाऊ जहाजं, फार थोर नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात. आरमारासाठी रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडं लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. राजनीती म्हणून याला तोड नाही. पण मध्यम म्हणजे किती हात, ते पंतांनी सांगितलं असतं तर आज माझ्या टीव्हीशेजारी कान्होजी आंग्र्यांची गुराब असती. भा. कृ. आपटे यांनी मराठ्यांच्या आरमारावर आणि व्यापारी जहाजांवर १९७३ मध्ये चांगला ग्रंथ लिहिला, तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं छापला, इंग्रजीत. असो.

मापं घेतली ती परक्यांनी. जॉन एडाय या श्रीलंकेतल्या ब्रिटिश गोदीच्या मिस्त्रीनं १८३४ मध्ये फत्तेमारी ही आपली शिडाची होडी रेखाटून छापली. फ्रेंच आरमारातला पारिस नावाचा अधिकारी जगभर फिरताना आपल्या किनाऱ्यावरच्या होड्यांना फूटपट्टी लावत हिंडला आणि १८४० च्या सुमारास त्यानं त्यांच्या आराखड्यांचा भलाथोरला ग्रंथ काढला. पुढे तो पॅरिसच्या नाविक संग्रहालयाचा प्रमुख झाला आणि असल्या होड्यांच्या प्रतिकृती तिथं करून ठेवल्या. तेव्हा आपली फत्तेमारी बघायची तर पॅरिसला जायचं. व्हिसा मिळेपर्यंत ती आगामी.

गेल्या उन्हाळ्यात जळगावचे मामा आले होते. त्यांनी अर्धं झालेलं जहाज बघून ‘‘हाई काय शे रे भो?’’ असा सरळ प्रश्न टाकला. मी सगळं पुराण सांगितलं, नकाशे नाहीत, पुस्तकं येत नाहीत. मामा म्हणाले, ‘‘आपल्या अजिंठ्यात आहे की जहाज!’’ आणि खरंच आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं, नाळेवर डोळे काढलेलं, आत रांजण रचून ठेवलेलं जहाज, समुद्रापासून दोन-अडीचशे मैलांवर डोंगरात. आमच्या जळगाव स्टेशनावर उतरून लोक ते बघायला जातात आणि आम्ही जन्मभर तिथं वडापाव खाऊन परत आलो. अजिंठ्याच्याच चित्रावरून भारतीय आरमारानं गोव्यात, केरळच्या कारागिरांकडून, एकही खिळा न मारता काथ्यानं शिवलेलं जहाज बांधून घेतलं. नकाशा नव्हता म्हणून आधी छोटी प्रतिकृती करून ती आयआयटी मद्रासच्या पाण्यात तपासली. (म्हणजे आमच्या छंदाला सरकारी मान्यता मिळाली; हे वाक्य मी घरी वारंवार वापरतो.) मे २०२५ मध्ये ते कौंडिण्य या नावानं आरमारात दाखल झालं, २९ डिसेंबरला पोरबंदरहून इंजिनाशिवाय निघालं आणि जानेवारीत मस्कतला पोचलं. सुखरूप पोचलं, म्हणून मला त्याच्या पुस्तकाची काळजी लागून राहिली आहे.

ही काळजी मी काकांना बोलून दाखवली. सुरतेच्या जहाजावर एक तरी पुस्तक निघायला हवं, म्हणालो, आराखड्यांसकट, चांगल्या कागदावर. काका उठून बसले. त्यांनी जुन्या सावकारी रिवाजाचं मी सांगितलेलं लक्षात ठेवलं होतं. पैसे मी घालतो, म्हणाले, पण अट तीच: पुस्तक आलं तर मुद्दल आणि दीडपट व्याज, बुडालं तर माझं बुडालं. मग पेन काढून त्यांनी प्रकरणं लिहायला घेतली. मोख्याला नीळ काय भावानं गेली. कापूस कुठं स्वस्त पडला. नाखव्याला पगार किती. वाटेतली जकात. विमा. दलाली. परतीला चांदी किती आली, तिचं सुरतेच्या टांकसाळीत काय झालं. पान भरलं.

‘‘काका, आणि जहाज?’’

त्यांनी यादीवरून वर-खाली पेन फिरवलं. जागा शिल्लक नव्हती.

‘‘जहाज कव्हर पर मूकी देजो.’’